कोरडवाहू उपजीविका व जलवायुमानातील बदल

सिंचनाची सोय नसलेल्या, कमी व अनिश्चित पावसाच्या प्रदेशात शेती, पशुपालन, मजुरी आणि त्यांवर आधारलेले लहान व्यवसाय यांच्या मेळातून लोक आपला जो चरितार्थ चालवितात, त्यास कोरडवाहू उपजीविका म्हणतात. महाराष्ट्रात अशा जमिनीस जिरायत व पाण्याखालील जमिनीस बागायत म्हणण्याचा प्रघात आहे. शेतमाल पेरणीपासून खाणाऱ्याच्या ताटापर्यंत ज्या हातांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच्या किंमतीत जी भर पडते, त्या सर्व क्रमास मूल्यसाखळी अशी संज्ञा आहे. जलवायुमानातील बदलांमुळे कोरडवाहू प्रदेशावर येणाऱ्या ताणाचा विचार बहुधा शेताच्या बांधापाशीच थांबतो. कमी पाण्यावर येणारे वाण कोणते आणि पाणी कोठे अडवावे, एवढाच प्रश्न विचारला जातो. प्रत्यक्षात शेतात टिकलेले पीक साठवणीत, बाजारात किंवा गिरणीत हरले, तर शेतकरी ते सोडून देतो आणि त्या पिकाभोवती उभी राहिलेली जनावरांची, खतांची व धान्याची व्यवस्थाही त्याबरोबर मोडते.

पृथ्वीवरील सु. ४०% भूप्रदेश शुष्क, निमशुष्क वा तत्सम प्रकारात मोडतो व त्यावर दोनशे कोटींहून अधिक लोक राहतात. भारतातील लागवडीखालील क्षेत्राचा सु. निम्मा भाग आणि महाराष्ट्रातील सु. चार पंचमांश भाग पावसावर अवलंबून आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे दख्खनच्या पठारावरील रब्बी ज्वारीच्या पट्ट्याचा विचार केला आहे.

प्रदेश व जुनी व्यवस्था : महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस शंभर किमी.च्या आतच माण, खटाव या तालुक्यांत तो ५०० मिमी.च्या आसपास येतो. सह्याद्रीच्या या पर्जन्यच्छायेत नासिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा व सांगली या जिल्ह्यांचे पूर्वेकडील भाग, सोलापूर जिल्हा, बीड व धाराशिव जिल्ह्यांचा बराचसा भाग आणि त्यापुढे कर्नाटकातील विजयपुरापर्यंतचा मुलूख येतो. येथे जून-जुलैमध्ये थोडा पाऊस होतो, मग दीर्घ उघडीप पडते व सप्टेंबरात पुन्हा जोराचा पाऊस येतो. या लयीला अनुसरूनच येथील पीकपद्धती ठरली. हलक्या, मुरमाड जमिनीत मृगाच्या पावसावर बाजरी, मटकी, हुलगा व तूर घ्यावयाची. खोल काळी जमीन मात्र खरिपात मोकळी ठेवून कुळवाच्या पाळ्या घालीत राहावयाचे आणि उत्तरा-हस्त नक्षत्रांचे पाणी मुरले की, पाभरीने ज्वारी पेरावयाची. पुढे चार महिने पीक जवळजवळ सर्वस्वी जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर वाढते. ओल कमी होऊ लागताच काळी जमीन भेगाळते. कोळपणीने त्या भेगा बुजतात व वरच्या भुसभुशीत थराने बाष्पीभवन रोखले जाते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते यामुळेच.

ज्वारी हे या प्रदेशात केवळ धान्याचे पीक नव्हे. तिची वाळलेली ताटे, म्हणजे कडबा, हा बैलांचा व गाईंचा वर्षभराचा चारा असे. कडब्याची गंज व धान्याचे पेव या दोन गोष्टींवरून घराची ऐपत ठरत असे. चांगल्या वर्षाचे धान्य वाईट वर्षासाठी राखून ठेवणे हे या शेतीचे मुख्य सूत्र होते. ज्या मंगळवेढ्याची ज्वारी आज प्रसिद्ध आहे, त्याच गावाशी पंधराव्या शतकातील दामाजीपंतांची कथा निगडित असावी, हे अर्थपूर्ण आहे. दुष्काळात बहमनी सुलतानाची कोठारे त्यांनी भुकेल्यांसाठी खुली केली, अशी ती कथा आहे. धान्य साठविणे आणि ते योग्य वेळी वाटले जाणे ही दुष्काळावरील मात्रा लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बलुतेदार व भूमिहीन यांचा तीतील वाटा खळ्यावरील धान्यापुरता होता आणि लागोपाठ दोन वर्षे पाऊस चुकला की, १८७६–७८ प्रमाणे ती कोसळून पडत असे. [⟶ दुष्काळ].

कोरडवाहू शेतीचे शास्त्रीय संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाले व १९३३ मध्ये सोलापूर येथे संशोधन केंद्र निघाले. ना. वि. कानिटकर यांचे कार्य या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. ओलावा टिकविण्यासाठी बांधबंदिस्ती, खोल मशागत व विरळ पेरणी यांवर या काळात भर होता. अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प १९७० मध्ये आणि हैदराबादजवळ पाटणचेरू येथील निमशुष्क उष्ण कटिबंधीय पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली.

जलवायुमानातील बदल : १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सु. ०·७° से.ने वाढले, तर १९५१ ते २०१५ या काळात जून-सप्टेंबरमधील मोसमी पाऊस सु. ६ टक्क्यांनी घटला. मात्र एकूण पावसाच्या घटीपेक्षा त्याच्या वाटणीतील फरक अधिक बोचणारा आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या अवधीत विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सु. तिपटीने वाढल्या. पाऊस थोड्या दिवसांत पडतो आणि मधली उघडीप लांबते. २०१२, २०१४, २०१५ व २०१८ ही वर्षे महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात दुष्काळी गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. याच काळात, फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये, मोठ्या क्षेत्रावर गारपीट होऊन काढणीस आलेली रब्बी पिके आडवी झाली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर, धाराशिव व बीड जिल्ह्यांत अतिवृष्टी होऊन सीना नदीला पूर आला आणि पिकांबरोबर अनेक ठिकाणी वरची माती खरवडून गेली. अवर्षणप्रवण म्हणून नोंद असलेल्या तालुक्यांत पुराची भरपाई मागण्याची वेळ यावी, हा विरोधाभास जलवायुमानाच्या नव्या स्वरूपाचा निदर्शक आहे.

रब्बी ज्वारीच्या बाबतीत हा फरक नेमका कोठे लागतो, हे पाहण्यासारखे आहे. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा पेरणीचा शिफारस केलेला काळ. त्या आधी पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो व नंतर पेरल्यास पीक पोटऱ्यात येईपर्यंत ओल संपते. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात मुसळधार पाऊस झाला, तर वाफसा येईपर्यंत हा काळ निघून जातो. पाणी भरपूर पडूनही पेरणी हुकते ती अशी. पुढे फुलोऱ्यानंतर जमीन कोरडी पडून तापली की, खडखड्या रोगाची बुरशी खोडात शिरते. खोड आतून पोकळ होऊन ताट कोलमडते, दाणे बारीक भरतात आणि कडब्याची प्रतही जाते. म्हणजे एका उष्ण पंधरवड्यात माणसाचे अन्न व जनावराचा चारा या दोहोंनाही फटका बसतो.

ज्वारीची साखळी : १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात खरीप व रब्बी मिळून ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते, आता ते त्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी झाले आहे. ही घट पावसामुळे झाली असे म्हणता येणार नाही, कारण ज्वारी हे तर कमी पावसाचेच पीक आहे. ती साखळीच्या इतर टोकांकडून आली. खरिपातील संकरित ज्वारीचे कणीस पक्व होताना पावसात सापडले की दाणा काळा पडतो. त्यास खाण्यासाठी गिऱ्हाईक राहत नाही व तो पशुखाद्याच्या किंवा मद्यार्काच्या भावाने जातो. ज्या भागात हे वारंवार घडले, तेथे सोयाबीनने तिची जागा घेतली. सोयाबीनला रोख पैसा मिळतो, लातूरसारखी मोठी बाजारपेठ व तेल गिरण्या जवळ आहेत. पण त्यापासून कडबा मिळत नाही. स्वस्त धान्य दुकानांतून गहू व तांदूळ मिळू लागल्यावर मजुरांच्या घरातील भाकरीही कमी झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद होती, तरी वाटप मुख्यत्वे गहू-तांदळाचेच राहिले.

रब्बी ज्वारीची गोष्ट निराळी आहे. मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवड पद्धतीने काढलेला ‘मालदांडी ३५–१’ हा वाण अनेक दशके टिकून राहिला. संकरित वाण उत्पादनात सरस ठरूनही रब्बीत त्यास हटवू शकले नाहीत, कारण त्याचा पांढरा, टपोरा दाणा, भाकरीची चव व गोड कडबा यांची बरोबरी त्यांना साधली नाही. खाणाऱ्याची आवड व जनावराची आवड या दोन्ही गोष्टी येथे शेतकऱ्याच्या निवडीत उतरल्या आहेत. अलीकडे जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण सुचविले जातात : उदा., हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, खोल जमिनीस फुले वसुधा. २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या परभणी शक्ती या वाणात लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक निर्देशांकनही मिळाले आहे.

या गुणांचा मोबदला मात्र शेतकऱ्यापर्यंत अंशतःच पोहोचतो. २०२४–२५ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने संकरित ज्वारीस क्विंटलला ३,३७१ रु. व मालदांडीस ३,४२१ रु. अशा आधारभूत किंमती जाहीर केल्या. दोहोंतील अंतर ५० रुपयांचे. बार्शी वा सोलापूरच्या आडतीवर चांगल्या शाळू ज्वारीस हलक्या मालापेक्षा मिळणारा अधिक भाव याहून पुष्कळच मोठा असतो. पण तो ज्याच्यापाशी माल थांबवून ठेवण्याची ताकद आहे, त्यालाच लाभतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते, आणि त्याच सुमारास पीककर्जाच्या फेडीची मुदत येते. बहुतेक माल त्यामुळे आवकेच्या ऐन भरात विकला जातो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०–९१ पासून चालू झाली. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिने मुदतीचे कर्ज ६% व्याजाने मिळण्याची सोय तीत आहे. पेवाचे काम गोदामाच्या पावतीने करावे, असाच तिचा आशय म्हणता येईल. लहान शेतकऱ्यास चार-पाच पोती घेऊन तालुक्याच्या गावी जाणे परवडत नाही, म्हणून गावपातळीवरील गोदामे व उत्पादक कंपन्या यांच्याशी ती जोडली गेली, तरच तिचा पूर्ण उपयोग होतो.

दळणाच्या टप्प्यावर आणखी एक अडचण आहे. गव्हाचे पीठ दीर्घकाळ टिकते. बाजरीचे थोड्याच दिवसांत कडू होते आणि ज्वारीचेही फार काळ चांगले राहत नाही. परिणामी या धान्यांची साखळी आखूड राहिली. दाणा तसाच शहरात जातो व दळण गिऱ्हाइकाच्या दाराशी होते. गावात मूल्याची भर पडत नाही. सोलापूरकडील स्त्रियांनी यावर शोधलेला तोडगा साधा आहे. भाकरी पातळ थापून, भाजून व वाळवून कडक केली की, ती कित्येक दिवस टिकते. ही कडक भाकरी पूर्वी प्रवासाची शिदोरी होती. आता बचतगट व घरगुती उद्योग ती बांधून दूरदूरच्या शहरांत पाठवितात. हुरड्याचा हंगाम हाही असाच रोख उत्पन्नाचा मार्ग झाला आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून पाळले व त्या निमित्ताने शहरी मागणीस चालना मिळाली. ज्वारी महाग होऊन ती पिकविणाऱ्या मजुराच्या घरी गहू व तिच्या शेजारच्या शहरात भाकरी, अशी उलटापालट त्यातून काही प्रमाणात दिसू लागली आहे.

काढणीचा प्रश्न कदाचित सर्वांत अवघड आहे. रब्बी ज्वारी मुळासकट उपटतात, पेंढ्या बांधतात व कणसे खुडून मग मळणी करतात. मळणी यंत्राने खळ्यावरील बैलांची पात संपविली, पण उपटणे व खुडणे ही कामे हातानेच होतात आणि खुडण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. उन्हाळा लवकर तापू लागल्याने हे काम आता अधिक कष्टाचे झाले आहे. धान्य काढणारी मोठी यंत्रे वापरल्यास ताटे तुडविली जातात व कडबा हाती लागत नाही.

तूर व डाळिंब : तुरीच्या बाबतीत शास्त्रीय यश व बाजारातील अपयश यांची सांगड दिसते. बदनापूर येथील ‘बीडीएन–७११’ सारखे लवकर येणारे वाण ओल संपण्यापूर्वी निघतात. दोन ओळी बाजरी व एक ओळ तूर ही आंतरपीक पद्धती कोरडवाहूस सर्वांत भरवशाची मानली जाते. तथापि २०१५ मध्ये तूरडाळ किलोस दोनशे रुपयांच्या घरात गेली, त्यामुळे पुढील वर्षी पेरा वाढला, पाऊसही साथीला आला आणि २०१७ च्या प्रारंभी भाव आधारभूत किंमतीखाली घसरले. खरेदी केंद्रांवर बारदान अपुरे पडले. चांगल्या पावसाचे वर्षही कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान करू शकते, हे त्यावरून दिसते.

सांगोला, आटपाडी भागांत डाळिंबाने अनेक घरांचे दैन्य घालविले. ‘भगवा’ वाण, ठिबक सिंचन व निर्यात यांवर ही साखळी उभी राहिली. सोलापूर येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघाले. पण अवेळी व सतत पाऊस झाला की तेलकट डाग रोग (‘तेल्या’) फैलावतो आणि दुष्काळात बागा जगविण्यासाठी टँकरने पाणी विकत घ्यावे लागते. यावरील उपाय म्हणून प्लॅस्टिक अस्तराची शेततळी मोठ्या संख्येने झाली. पावसाचे पाणी साठविण्याचा हेतू असताना त्यांपैकी पुष्कळ तळी विहिरी व विंधन विहिरींच्या पाण्याने भरली जातात. भूगर्भात सुरक्षित असलेले सामाईक पाणी वर काढून उन्हात उघडे ठेवण्याचा हा प्रकार आहे. त्यास अनुकूलन म्हणणे कठीण आहे.

पशुपालन व स्थलांतर : माणदेशी खिलार बैल, उस्मानाबादी शेळी, माडग्याळ व दख्खनी मेंढी ही या प्रदेशाच्या जलवायुमानाशी जुळलेली जनावरे होत. दख्खनी मेंढीची भरड लोकर घोंगड्यांच्या उपयोगाची; घोंगड्यांची मागणी घटल्याने लोकरीला भाव उरला नाही व मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. धनगरांचे कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात व पावसापूर्वी परततात. वाटेत शेतात बसविलेल्या कळपाच्या लेंडीखताबद्दल त्यांस धान्य वा पैसा मिळतो. अवेळी पडणारा हिवाळी पाऊस उघड्यावरील मेंढ्यांस, विशेषतः कोकरांस, घातक ठरतो. कडबा घटल्यामुळे दुष्काळात जनावरे चारा छावण्यांत नेण्याची वेळ २०१२–१३ व २०१८–१९ मध्ये आली. तेथे चारा म्हणून मुख्यत्वे ऊस व उसाचे वाढे दिले गेले.

बीड व लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांचे स्थलांतर हा या उपजीविकेचाच भाग आहे. नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून गणली जाते व मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याच्या क्षेत्रात जाते. स्वतःच्या शेतातील पावसावर भिस्त नको म्हणून धरलेला हा मार्गही अखेर पावसावरच अवलंबून आहे. लागोपाठ दुष्काळ पडून ऊस कमी झाला की, गाळप हंगाम आखूड होतो आणि उचल फिटत नाही. पाटणचेरूच्या संस्थेने १९७५ पासून मोहोळ तालुक्यातील शिरापूर व उत्तर सोलापूर तालुक्यातील कळमण यांसारख्या गावांचे दीर्घकालीन अभ्यास केले. कुटुंबांच्या उत्पन्नात शेतीबाहेरील कामाचा वाटा वाढत गेल्याचे त्यांतून आढळते.

पाणी व जोखीम यांची वाटणी : १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडून व आयात केलेला मिलो खाऊन जगली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजनेस बळ मिळाले. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या पाणी पंचायतीने निराळाच प्रश्न मांडला : अडविलेले पाणी कोणाचे ? पाणी जमिनीच्या नव्हे, तर माणसांच्या संख्येवर वाटावयाचे, भूमिहीनासही त्यात हक्क द्यावयाचा आणि ऊस घ्यावयाचा नाही, असे तिचे नियम होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची व शेतीसाठी विंधन विहिरी न घेण्याची प्रथा पाडली. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात सु. पाच हजार गावे घेतली गेली. रुंद वरंबा-सरी पद्धती, बियाणे व उत्पादक गटांची गोदामे यांवर त्यात खर्च झाला. जलसंधारणाची कामे करणे सोपे व पाणी वाटणे अवघड, हा या सर्व प्रयत्नांतील समान अनुभव होय.

पीकविम्याचा आधार याच कोटीत येतो. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसान महसूल मंडळाच्या सरासरीवर मोजले जाते. एकाच मंडळात एका शिवारात ढग फुटतो व दुसरे कोरडे राहते, ते या मोजणीत दिसत नाही. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा देऊ केला व सहभाग एकदम वाढला. गैरप्रकारांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये ही सवलत बंद करण्यात आली आणि शेतकऱ्याने खरिपात विमासंरक्षित रकमेच्या दोन टक्के व रब्बीत दीड टक्का हप्ता भरण्याची मूळची पद्धत पुन्हा लागू झाली. भुसार पिकास असे काही संरक्षण तरी आहे. गंजीतील कडबा भिजून कुजला, तर त्याची नोंद कोणत्याच पंचनाम्यात सहसा होत नाही.